बोटं

सहाला दुकानाची फळी लावतो,
शेवटचं पंक्चर उद्यावर ढकलतो
आणि सायकलच्या कॅरिअरला टोपली बांधतो.
बांबूची. बुरुडाकडून मुद्दाम खोल करून घेतलेली.
आत धुतलेलं धोतर, चौपदरी.

सिव्हिलमध्ये पेशंटला जेवण मिळतं.
पेशंटसोबत आलेल्याला नाही.
धडगावहून, अक्कलकुव्याहून, साक्रीच्याही पलीकडून आलेली माणसं
व्हरांड्यात चपला उशाला घेऊन पडलेली असतात,
विचारलं तर म्हणतात, जेवलो.

हे ‘जेवलो’ मला पाठ आहे.
गिरणी बंद पडली त्या साली
आमच्या घरात रोज संध्याकाळी ते म्हटलं जायचं,
आधी बाप, मग माय,
मग त्यांचं ऐकून शिकलेलो मी.

गल्लीत एकोणीस घरं.
घरामागे एक भाकर. जास्त मागत नाही.
कुणी वर ठेचा देतं, कुणी दोन कांदे,
शकीलाबी रमजानमध्ये उपाशी पोटी थापते
आणि मीठ बरोबर पडलं का, ते मलाच विचारते.

इतक्या वर्षांनी भाकरी ओळखू येतात.
पाटलांकडची कळण्याची, काळपट, कडेला चिरलेली.
बिऱ्हाडकरू मास्तरांची वेडीवाकडी, ते स्वतःच थापतात.
झेलाबाईच्या भाकरीवर चारच बोटं उठतात,
पाचवं जिनिंगच्या पट्ट्यात गेलं,
तेव्हा ती सतरा वर्षांची होती.

वैशाखातली गोष्ट. डांबर टायरला चिकटत होतं.
केवळबाईनं दार अर्धंच उघडलं,
पदराखालून भाकर काढली,
‘लई जा भाऊ. आज एकच से.’
जसं काही मी रोज दोन नेतो.

कोपऱ्यावर आलो, धोतर सारखं करायला थांबलो
आणि दिसली
तिच्या भाकरीवर
चार बोटं.

सायकल तशीच धरून उभा राहिलो.
मागे एक रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.
परत जावं तर तिचं उसनं आणणं उघडं पडणार.
नेऊन वाटावी तर ती आज काय खाणार?
आणि काल? काल कुणाची होती,
मी तेव्हा पाहिलं होतं का?

ती भाकर त्या रात्री पावरांच्या एका पोरानं खाल्ली,
बापाचा पाय कापायचा होता म्हणून आलेलं पोर.
चार बोटांवरून त्यानं हात फिरवला,
काही बोललं नाही, मिठाशी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी मी केवळबाईला म्हणालो,
मावशी, एकट्यानं वाढणं होत नाही आता,
गुडघा धरतो. येशील का तासभर?
गुडघ्याचं खोटं नव्हतं. बाकीचं होतं.
आणि येताना रस्त्यात सांगितलं,
वाढणाऱ्यानं शेवटी तिथंच जेवायचं,
नाहीतर टोपलीला दोष लागतो.
ती थांबली. ‘तुले कोनी सांगं?’
माय सांगे, मी म्हणालो,
आणि सायकलची घंटी उगाच वाजवली.

ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली.
समजलं होतं तिला. समजलंय, हे मलाही समजलं.
मग व्हरांड्यात बसकण मारून
तिनं मोठ्या आवाजात माणसं मोजली,
कुणाला ‘जेवलो’ म्हणू दिलं नाही.
‘जेवना असशी तरी अजून जेव,’ म्हणाली,
आणि सगळ्यांचं झाल्यावर
भिंतीकडे तोंड करून
अर्धी भाकर
सावकाश.

झेलाबाई हल्ली दोन देते.
दुसरीबद्दल मी विचारत नाही, तीही सांगत नाही.

कधी आठवड्यातून एकदा, कधी पंधरवड्यात,
केवळबाईची चूल पेटते.
त्या दिवशी तिच्या हातची भाकर येते,
पाची बोटं, अंगठ्याकडे जरा खोल.
ती मी सगळ्यांच्या वर ठेवतो
आणि धोतर
सिव्हिलपर्यंत उघडंच ठेवतो.